मिस्त्रींच्या ओसरीवरचं प्रकटीकरण

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये सिस्टर आणि मी अकरा वर्षं शेजारी बसलो. मी सौंसरच्या शाळेत मराठी शिकवायची. त्या सौंसरला उतरून पुढं मोहगावच्या बाजूला एका उपकेंद्रात जायच्या, नर्स म्हणून. सगळा रस्ता त्यांना सिस्टर म्हणायचा, कंडक्टरसुद्धा. त्यामुळे मीही तेच म्हणत आले.

त्या ख्रिस्ती आहेत हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, पण आमच्या गप्पांत देवाधर्माचं कधी फार आलं नाही. त्यांच्या डब्यातली भाजी, माझ्या वर्गातले मुलगे, संत्र्याला यंदा बहार कसा आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेले, एवढंच. मी दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाते हे त्यांना ठाऊक होतं. सोमवारी त्या आठवणीनं विचारायच्या, "दर्शन झालं न बरोबर?" त्या रविवारी कुठं जातात हे मी मात्र कधी विचारलं नव्हतं. आज त्याची लाज वाटते.

कोरोनाची लस आली त्या वर्षी शाळा बंद होत्या आणि आम्हा मास्तरांना लसीच्या कॅम्पवर नावं लिहायची ड्युटी लागली. माझी ड्युटी नेमकी सिस्टरच्याच कॅम्पवर आली. मोहगावच्या एका शाळेच्या वर्गात मी फळ्याखाली टेबल टाकून लोकांचे मोबाईल नंबर घ्यायची आणि त्या खिडकीपाशी सुई टोचायच्या. दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. ज्या घरांत माणूस गेला होता तिथले लोक निमूट रांगेत उभे राहायचे. बाकीच्यांना समजवावं लागायचं. सिस्टर कोणावर खेकसल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सिस्टर, याच्यानं माणूस मरते म्हणून राहिले लोक." त्या म्हणाल्या, "काका, मी पहिल्या दिवशी घेतली. माझ्याकडे पाहा अन् सांगा, मेलेली दिसून राहिली का मी?" म्हातारा हसला आणि त्यानं बाही वर केली.

एका दुपारी रांग संपल्यावर त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. हातमोजे काढले आणि बराच वेळ नुसत्या हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, साऱ्या गावाले टोचून राहिली मी. माझ्या घरी माझा भाऊ घेत नाही."

त्यांचे मोठे भाऊ पांढुर्ण्यात रेल्वे लाइनीच्या पलीकडे राहायचे. सुतारकाम करायचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. बायको वारलेली, मुलगा नागपूरला. सिस्टर विधवा, त्यामुळे बहीणभाऊ एकाच घरात. मिस्त्रींना साखर होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अशा माणसानं लस घेतली नाही तर काय होऊ शकतं, हे सिस्टरनं त्या उन्हाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"घाबरतात का सुईला?" मी विचारलं.

"सुईले नाही, बायबलले घाबरते तो," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मिस्त्रींच्या फोनवर कोणीतरी हिंदीतला एक व्हिडिओ पाठवला होता. बायबलच्या अगदी शेवटी एक पुस्तक आहे, प्रकटीकरण नावाचं. जगाच्या अंताचं पुस्तक म्हणून लोक त्याला ओळखतात. त्यात एक भयंकर श्वापद येतं आणि सगळ्या माणसांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर आपली छाप मारतं. ज्याच्यावर छाप नाही त्याला ना काही विकत घेता येतं, ना विकता येतं. व्हिडिओतला माणूस ओरडून ओरडून सांगत होता की ही लस म्हणजेच ती छाप, आणि जो टोचून घेईल त्याचा आत्मा गेला. त्यांच्या छोट्याशा मंडळीतल्या, म्हणजे एकत्र प्रार्थनेला जमणाऱ्या लोकांतल्या, चार-पाच घरांनी तो व्हिडिओ पाहिला होता आणि सगळ्यांनी पाय मागे घेतला होता. त्यांचे पाळक, म्हणजे पाद्री, बाहेरगावचे, महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी फोनवर समजावलं होतं. पण मिस्त्रींचं म्हणणं, एक माणूस फोनवर हो म्हणते, एक माणूस फोनवर नाही म्हणते, मी कोणाचं ऐकू?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, दादा, त्या दोघायलेही सोड. पुस्तक घरात हाय. आपण वाचू. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्याच्यानंतर तू ठरव." त्या थांबल्या. "पण पुस्तक मराठी हाय, मॅडम. आईचं हाय ते, ती अमरावतीकडची. आम्ही दोघं हिंदी शाळेत शिकलो. घरी बोलतो ते मराठी वेगळं अन् पुस्तकातलं वेगळं. मी वाचाले बसली की दर ओळीले अडखळते. अन् अडखळलेलं वाचलं तं दादाले वाटते, मीच काही लपवून राहिली."

"हिंदीतलं आणा की."

"तो म्हणते, व्हिडिओ हिंदी होता. आईनं वाचलं तेच वाच." मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही वाचून द्यान का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्यांचा ग्रंथ, त्यातून असा नाजूक मामला. चुकून काही वेगळा उच्चार झाला, एखादा शब्द गाळला गेला, तर? घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या पोथी वाचणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "देवाचंच वाचायले चालली न? मंग हातपाय धुऊन जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हातपाय धुऊन गेले.

मिस्त्रींच्या घराला पुढं मोठी ओसरी होती आणि तेच त्यांचं कामाचं ठिकाण. रंधा मारायचा ठोकळा, अर्धवट राहिलेली एक खाट, भिंतीला टेकवलेल्या सागवानी फळ्या. करवत खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. टाळेबंदीत काम थांबलं ते अजून सुरू झालं नव्हतं. मिस्त्री उंच, वाकलेले, पांढरी दाढी आखूड कापलेली. मला बघून उठून उभे राहिले, चाचपडत एक स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, एक अट हाय. मधूनच वाचायचं नाही. तुमच्या मनाचं काही घालायचं नाही. जे हाय ते."

"जे आहे ते," मी म्हटलं.

पुस्तक काळ्या कापडात गुंडाळलेलं होतं. पानं पिवळी, कोपरे झिजलेले. शेवटची पंचवीस-तीस पानं इतरांपेक्षा कोरी दिसत होती, म्हणजे त्या आईनंही तिथं फारसं हात लावलेला नसावा.

माझी अपेक्षा होती की पहिल्याच पानावर आग आणि प्रलय असेल. तसं काहीच नव्हतं. पहिल्या पानावर एक पत्र होतं. एका बेटावर हद्दपार केलेला माणूस सात गावांतल्या सात मंडळ्यांना लिहीत होता, आणि हे मोठ्यानं वाचणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्यांचं भलं होवो असं आरंभीच म्हणत होता. मी थांबले. मोठ्यानं वाचणारी त्या घडीला मी होते.

सिस्टरनं तेवढ्यात एक गोष्ट सांगितली. त्या नर्सिंग शिकत होत्या तेव्हा त्यांची एक म्हातारी मेट्रन होती. मुली या पुस्तकाला घाबरायच्या, तेव्हा ती म्हणायची, टपाल आलं की आधी पाकिटावरचा पत्ता वाचता की नाही? मग याचाही वाचा. हे आधी कोणाला लिहिलं, ते लोक कोणत्या संकटात होते, ते पाहा. तुमच्यासाठीही त्यात आहे, पण तुम्ही पहिले नाही.

"कोणत्या संकटात होते?" मिस्त्रींनी विचारलं.

"रोमचं राज्य होतं, दादा. बादशहाले देव म्हणा, त्याच्या पुतळ्यापुढे धूप जाळा, असं होतं. जो नाही म्हणे त्याचा धंदा बंद, तुरुंग, काहीकाहीले तं जीवच द्यावा लागला. त्यायले धीर द्यायले लिहिलं हे."

"धीर?" मिस्त्री म्हणाले. "व्हिडिओत तं भेव दाखवून राहिला तो."

त्या दिवशी आम्ही तीन पानं वाचली. मी घरी येऊन सिस्टरच्या त्या एका वाक्याचा विचार करत राहिले. तीस वर्षं मुलांना कविता शिकवताना मी कवीचा काळ आणि परिस्थिती फळ्यावर लिहीत आले होते. परीक्षेत त्याला दोन मार्क असतात. एका घाबरलेल्या माणसाचा हात धरायला तीच गोष्ट उपयोगी पडते, हे मला सिस्टरनं दाखवलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी एक दिवसाआड जात होते. सिंहासन आलं, भोवती इंद्रधनुष्य आलं, अंगभर डोळे असलेले प्राणी आले. सात शिक्के मारलेली गुंडाळी आली, जी उघडायला कोणीच लायक सापडत नाही म्हणून लिहिणारा रडतो. मग त्याला सांगतात, रडू नको, सिंह जिंकलाय, तो उघडेल. आणि हा वळून बघतो तर तिथं सिंह नाहीच. एक कोकरू उभं आहे, तेही जणू मान कापलेलं.

मिस्त्रींनी मला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.

"ऐकू आला सिंह अन् दिसलं कोकरू," ते हळूच बहिणीला म्हणाले. "बाई, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं."

"या पुस्तकात असंच हाय, दादा," सिस्टर म्हणाल्या. "कानावर एक येते. वळून पाह्यलं की दुसरं असते."

मग एकेक शिक्का उघडला तसे घोडेस्वार आले. पांढरा, तांबडा, काळा, फिका. काळ्या घोड्यावरच्याच्या हातात तराजू असतो आणि दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरते गहू मिळतील असा आवाज येतो. मिस्त्रींनी मान हलवली. फिक्या घोड्यावरच्याचं नाव मृत्यू, हे वाचताना माझाच आवाज बारीक झाला. आमच्या गल्लीतली दोन घरं त्या उन्हाळ्यात रिकामी झाली होती. मला वाटलं, इथंच थांबावं, हा माणूस आणखी घाबरेल. पण अट होती, मधलं गाळायचं नाही.

पाचवा शिक्का उघडला. वेदीखाली मारल्या गेलेल्यांचे आत्मे आहेत आणि ते मोठ्यानं देवाला विचारतात की अजून किती दिवस? कधी न्याय करशील?

मी पुढं वाचणार तर सिस्टर उठल्या आणि ओसरीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ होती. अकरा वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. लाटेत त्यांना छिंदवाड्याच्या मोठ्या दवाखान्यात ड्युटीवर पाठवलं होतं, एवढंच मला माहीत होतं. तिथलं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हे मी रोज म्हणत होती, मॅडम. मास्कच्या आतून. अजून किती दिवस, किती दिवस. मले वाटे, माझा विश्वास कमी पडून राहिला म्हणून माझ्या तोंडून असं निघते. हे तं पुस्तकातच लिहून हाय. मेलेले लोक देवापाशी जाऊनही हेच विचारून राहिले."

मिस्त्रींनी चाचपडत त्यांचा हात शोधला. "मले काहून नाही सांगतलं, बाई?"

"तू आधीच भेलेला होता," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पुढं वाचलं नाही. सिस्टरनं चहा केला. मिस्त्रींनी पहिल्यांदाच बहिणीला दवाखान्यातलं विचारलं आणि त्यांनी थोडंथोडं सांगितलं. ऑक्सिजन लावलेल्या एका बाईच्या वेण्या त्यांनी रोज घालून दिल्या होत्या, कारण तिला मोकळे केस आवडत नसत. ती बाई गेली. वेणी घातलेलीच गेली, असं सिस्टर म्हणाल्या.

छापेचा अध्याय आला त्या दिवशी मिस्त्री आधीपासून तयार होऊन बसले होते. मी सावकाश वाचलं. समुद्रातून येणारं श्वापद, त्याची दहा शिंगं, सात डोकी. त्याला सगळी माणसं नमन करतात. मग दुसरं श्वापद, ते लोकांना पहिल्याची मूर्ती करायला लावतं. जो मूर्तीपुढं नमत नाही त्याला मारतात. आणि मग ती छाप, उजव्या हातावर किंवा कपाळावर, आणि तो आकडा, सहाशे सहासष्ट. ज्याला अक्कल असेल त्यानं हिशेब करावा, असं लिहिणारा म्हणतो.

"हाच तो आकडा," मिस्त्री म्हणाले. "याचा हिशेब कसा करायचा?"

इथं मला माझं लहानपण आठवलं. माझ्या मामांचं सौंसरला कापडाचं दुकान होतं. प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहायचे. दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला, पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन. गिऱ्हाइकाला ती नुसती अक्षरं दिसायची आणि दुकानातल्या माणसाला किंमत कळायची. आम्ही पोरं त्या अक्षरांत एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचो. मी मिस्त्रींना ते सांगितलं. म्हटलं, त्या काळच्या भाषांत आकड्यांना वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरंच आकडे होते. त्यामुळे कोणाच्याही नावाची बेरीज करता यायची.

"म्हणजे आकड्यात नाव लपवलं?"

"जाणकार तसं म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "रोमचा एक बादशहा होता, लय क्रूर. त्याच्या नावाची बेरीज तेवढी येते म्हणतात. उघड लिहिलं असतं तं पत्र वाचणाराले पकडलं असतं. पक्कं कोणालेच माहीत नाही, दादा. जो म्हणते मले पक्कं माहीत हाय, त्याच्यापासून सांभाळून राहावं."

मिस्त्री विचारात पडले. सिस्टरनं त्यांना घाई केली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक सांग. छाप घेणारे आधी काय करून राहिले?"

"नमन."

"कोणाले?"

"श्वापदाले."

"मी कॅम्पवर लोकायले सुई देते, तवा कोणापुढे माथा टेकाले सांगते का?"

मी पान उलटलं. पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत ते कोकरू डोंगरावर उभं आहे आणि त्याच्या सोबतच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे.

"थांबा, मास्तरीणबाई," मिस्त्री म्हणाले. "याच्याही कपाळावर?"

"हो."

"म्हणजे दोन छापा हायेत."

"दोन हायेत, दादा," सिस्टर म्हणाल्या. "व्हिडिओवाल्यानं एकच सांगतली."

मला वाटलं, झालं आता काम. उद्या हा माणूस लस घेईल. पण मिस्त्री प्रामाणिक होते. ते म्हणाले, "समजलं मले. सारं समजलं. पण बाई, भेव नाही जाऊन राहिलं. डोक्यातलं गेलं, पोटातलं नाही गेलं."

सिस्टरच्या जागी मी असते तर चिडले असते. इतके दिवस खर्ची घातले, घसा कोरडा केला, आणि वर हे. सिस्टर म्हणाल्या, "नाही जात तं नको जाऊ दे. आपलं वाचून कुठं झालं अजून?" आणि मला पुढं वाचायची खूण केली. कॅम्पवर त्या हव्या तेवढ्या लोकांना एका वाक्यात राजी करायच्या. घरी मात्र भावाच्या भीतीला लागेल तेवढा वेळ द्यायला त्या तयार होत्या. मी त्यांच्याकडे तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

बाबेल ही श्रीमंत, व्यापारी नगरी पडते तो अध्याय मला सर्वांत जड गेला. व्यापारी दूर उभे राहून रडतात, कारण त्यांचा माल आता कोणी घेणार नाही. मालाची लांबलचक यादी आहे. सोनं, मोती, रेशीम, सुगंधी लाकडाच्या वस्तू, दालचिनी, गहू, गुरं, आणि अगदी शेवटी माणसांचे जीव. लाकूड आलं तेव्हा मिस्त्रींनी डोकं वर केलं. पुढं लिहिलंय की त्या नगरीत आता कोणताही कारागीर सापडणार नाही, जात्याचा आवाज ऐकू येणार नाही.

मिस्त्रींनी खुंटीकडे तोंड वळवलं. त्यांना करवत नीट दिसत नसणार, पण ती कुठं आहे हे माहीत होतं. "ज्यानं लिहिलं त्याले कारागिराचं ठाऊक होतं," ते म्हणाले. "शहर मरते कसं? पहिले ठोकाठोकी बंद होते. सव्वा महिना मी या ओसरीत बसून होतो, रस्त्यावर कुत्रं नाही. मले वाटलं, जगबुडी म्हणजे हेच. याच्यापेक्षा अजून काय राहिलं?"

"अन् तरी आपण हाओ," सिस्टर म्हणाल्या.

शेवटचे दोन अध्याय आम्ही एका बैठकीत वाचले. तिथं नवीन आकाश आहे, नवी पृथ्वी आहे. देव स्वतः माणसांमध्ये राहायला येतो आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. नगराच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. नदीच्या दोन्ही काठांना जीवनाचं झाड आहे आणि ते बारा वेळा फळतं, दर महिन्याला.

मिस्त्री हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बारा बहार," ते म्हणाले. "आपल्या संत्र्याले दोन. आंबिया अन् मृग. त्यातला एक सांभाळता सांभाळता माणूस म्हातारा होते."

मी पुढं वाचलं. त्या झाडाची पानं सगळ्या राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत, अशा अर्थाची ओळ होती.

मिस्त्रींनी हात वर केला. "पानं कशासाठी?"

मी पुन्हा वाचलं.

"बरं करायसाठी," ते स्वतःशीच म्हणाले. मग बहिणीकडे वळले. "बाई, म्हणजे शेवटी औषध हाय. एवढी जाळपोळ, एवढे घोडे, एवढी श्वापदं, अन् साऱ्याच्या शेवटी देवानं झाड लावलं ते औषधाचं. अन् एकट्या आपल्या लोकायसाठी नाही, साऱ्या राष्ट्रायसाठी."

सिस्टरनं हे त्यांना सांगितलं नव्हतं, मीही नाही. खरं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी ओळ वाचून पुढं निघाले होते. ज्याला अक्षर दिसत नव्हतं त्यानं ती धरली.

"भेव गेलं का?" सिस्टरनं विचारलं.

"थोडं हाय," ते म्हणाले. "पण आता त्याच्यासंगट चालता येईन."

दोन दिवसांनी पांढुर्ण्यात कॅम्प होता. सिस्टरनं तिथं ड्युटी मागून घेतली आणि नावं लिहायला मी होतेच. मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून आले. मंडळीतले काही जण त्यांच्या मागोमाग आले होते, लस घ्यायला नाही, बघायला. खुर्चीवर बसल्यावर सिस्टरनं त्यांची डावी बाही वर केली, तशी त्यांनी ती खाली ओढली आणि दुसरा दंड पुढं केला.

"उजव्या हाताले दे."

"दादा, डाव्याले देतात. दुखते, काम करायचं असते."

"दुखू दे. त्यायले दिसलं पाहिजे, उजव्याच हाताले घेतली म्हणून."

सिस्टरनं उजव्या दंडाला टोचलं. त्यांचा हात जराही हलला नाही, कापूस दाबून धरताना मात्र त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. मिस्त्री उठले, बघ्यांपाशी गेले आणि म्हणाले, "पुस्तक पुरं वाचलं मी. ज्याले ऐकायचं हाय त्यानं माझ्या ओसरीत यावं." त्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांनी नाव लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात आणखी तिघांनी.

मिस्त्रींना नंतर एकदा कोरोना झाला. चार दिवस ताप, मग उठून बसले. पुढच्या वर्षी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि माझ्या दिवाणखान्यातलं कपाट त्यांनी स्वतः करून दिलं. अजूनही करवतीचं पातं डोळ्यांजवळ धरून दात मोजतात, सवय म्हणून.

एका घरानं मात्र शेवटपर्यंत लस घेतली नाही. त्या घरची बाई तर सिस्टरला रस्त्यात बघून तोंड फिरवायची. मंडळीत म्हणायची, सरकारची नोकरी करते, तिला तसंच सांगावं लागतं. मला ते ऐकून संताप यायचा. सिस्टर निवृत्त झाल्या, बसमधली माझ्या शेजारची जागा रिकामी झाली, आणि मग एक दिवस बाजारात भेटल्या तेव्हा कळलं की त्या आता त्याच बाईच्या घरी जातात.

"कशाला?" मी विचारलं.

"वाचायले. तिनं बोलावलं. घाबरते ती रात्रंदिवस. नवे नवे व्हिडिओ येऊन राहिले न, कधी लढाईचे, कधी भूकंपाचे."

"तुम्हाला तिचा राग नाही येत?"

त्यांनी मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत टाकली. "तिले कोणी वाचून दाखवलंच नाही, मॅडम. नुसतं भेव दाखवलं. राग त्याचा येते."

"मी येऊ का वाचायला?"

"नको. मीच वाचते आता. अडखळते, ती हसते. हसली की जरा मोकळी होते."

एकदा मी मुद्दाम त्या गल्लीतून गेले. दार उघडं होतं. आत सिस्टर चष्मा नाकावर घेऊन, बोट ओळीखाली फिरवत, एकेक जोडाक्षर फोडून वाचत होत्या, आणि ती बाई तांदूळ निवडता निवडता मधेच थांबवून काहीतरी विचारत होती. मी आत गेले नाही. मागच्या महिन्यात सिस्टर भेटल्या तेव्हा मी विचारलं, कुठवर आलं? तर त्या अजून सुरुवातीच्या, त्या सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी चौथ्यावर होत्या. ती बाई फार प्रश्न विचारते, त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.